गर्भविकासाचा माहितीपट कोणाला दाखवावा, कसा दाखवावा?

वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे एकाच विषयाची आहेत. मातेच्या उदरात बाळ कसे वाढते हे दाखवणारे माहितीपट आता मराठी निवेदनासह सहज मिळतात आणि जीवनरक्षणाचे कार्य करणारे आपले युवक, विवाहपूर्व शिबिरे घेणारी दांपत्ये आणि काही शिक्षक त्यांचा उपयोग करू इच्छितात. त्यातून उद्भवलेल्या प्रश्नांना एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींनी येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या युवक संघाने फलनापासून जन्मापर्यंतचा विकास दाखवणारा, सुमारे पाऊण तासाचा एक शैक्षणिक माहितीपट मिळवला आहे. त्यात गर्भपाताचा उल्लेखही नाही. तो विवाहपूर्व शिबिरात आणि जवळच्या महाविद्यालयांत दाखवण्याचा आमचा विचार आहे. शेवटी गर्भपाताची काही दृश्ये जोडली तर परिणाम अधिक होईल, असे आमच्यातील काहींना वाटते. महाविद्यालयात आपण चर्चच्या वतीने आलो आहोत हे सांगू नये, नाहीतर परवानगी मिळणार नाही, असेही काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— युवक संघाचे कार्यकर्ते, वसई तालुका

उत्तर : तुमच्या दोन्ही सूचनांना माझा विरोध आहे. गर्भातील जीवाला जगू द्यावे या मताची मी स्वतः आहे आणि म्हणूनच या कार्याचे आपल्याच माणसांच्या उतावीळपणामुळे होणारे नुकसान मला अधिक सलते. त्यामुळे कारणे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या हाती असलेल्या माहितीपटाचे बळ यातच आहे की तो कोणाला काही पटवून द्यायला निघालेला नाही. फलनानंतर साधारण २२व्या दिवशी हृदयाच्या नळीचे स्पंदन सुरू होते, २८व्या दिवसाच्या सुमारास मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नळी बंद होते, आठवा आठवडा संपेपर्यंत सर्व मुख्य अवयवांची पायाभरणी झालेली असते आणि त्या वेळी भ्रूणाची लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर असते, ही विधाने गर्भशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. धर्म न मानणारा डॉक्टर किंवा गर्भपाताच्या हक्कासाठी लढणारी कार्यकर्तीही ती नाकारणार नाही. सर्वांना मान्य असलेली अशी जमीन आजच्या काळात फार थोडी उरली आहे. त्या माहितीपटाच्या शेपटाला रक्ताळलेली दृश्ये जोडलीत, तर प्रेक्षक आधीच्या पाऊण तासाकडेही संशयाने पाहू लागतो, आणि ज्याच्यावर त्याने सहज विश्वास ठेवला असता तेही त्याला गळाला लावलेले आमिष वाटू लागते.

याचे उदाहरण अमेरिकेत घडून गेले आहे. १९८४ साली तेथे बाराव्या आठवड्यातील एका गर्भपाताची सोनोग्राफी दाखवणारा चित्रपट निघाला. त्याचे निवेदन एका डॉक्टरांनी केले होते, ज्यांनी स्वतः पूर्वी मोठ्या संख्येने गर्भपात केले होते आणि नंतर ते या चळवळीत आले होते. चित्रपट देशभर गाजला. परंतु पडद्यावरची हालचाल म्हणजे वेदनेने फोडलेली किंकाळी आहे, हा त्यातील अर्थ अनेक वैद्यकीय तज्ज्ञांनी अमान्य केला आणि पुढची सगळी चर्चा त्या बाळाविषयी न होता चित्रपटाच्या संकलनाविषयी झाली. वेदनेची जाणीव होण्यासाठी मेंदूच्या बाह्यस्तरापर्यंत मज्जातंतूंची जोडणी व्हावी लागते आणि ती २४व्या आठवड्याच्या आधी कार्यरत नसते, अशी ब्रिटन आणि अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनांची भूमिका आहे. काही संशोधक त्याआधीही एखाद्या स्वरूपाची वेदना शक्य मानतात. हा वाद अजून मिटलेला नसताना व्यासपीठावरून बाराव्या आठवड्याच्या किंकाळीबद्दल बोलणे म्हणजे जाणकार श्रोत्याच्या हाती आपणहून आपल्याविरुद्धचे शस्त्र देणे होय.

चित्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असावी. १९६५ च्या एप्रिलमध्ये ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकाने स्वीडिश छायाचित्रकार लेनार्ट नील्सन यांनी घेतलेली गर्भांची रंगीत छायाचित्रे छापली आणि जगाने प्रथमच जन्मापूर्वीचे आयुष्य इतक्या स्पष्टपणे पाहिले. आपल्या चळवळीने पुढील कित्येक वर्षे ती छायाचित्रे फलकांवर आणि पत्रकांवर वापरली. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक छायाचित्रे गर्भाशयाबाहेर काढलेल्या गर्भांची होती, म्हणजे तरंगत असलेले ते जीव जिवंत नव्हते. ज्यांनी ती फलकांवर लावली त्यांपैकी कित्येकांना हे ठाऊक नव्हते, आणि विरोधकांनी ते दाखवून दिल्यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून तुमचा माहितीपट दाखवण्यापूर्वी स्वतः दोनदा पाहा आणि कोणते दृश्य गर्भाशयात सोडलेल्या बारीक दुर्बिणीने जिवंत भ्रूणाचे घेतलेले आहे, कोणते सोनोग्राफीचे आहे आणि कोणते संगणकावर रंगवलेले आहे, हे लिहून काढा. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रेक्षकांना तसे सांगा. तीन सेंटिमीटरचा जीव आठ फुटी पडद्यावर दाखवला जातो तेव्हा त्याचा खरा आकारही सांगायला हवा. आपल्या बोटाच्या एका पेराएवढा, असे सांगितले की मुले स्वतःच्या बोटाकडे पाहतात आणि तो आकार त्यांच्या कायमचा लक्षात राहतो.

आता या सगळ्यामागचा गाभ्याचा मुद्दा. माहितीपट काय घडते ते दाखवतो. त्याचे आपण काय करावे हे तो सांगत नाही आणि सांगू शकतही नाही. गर्भ जिवंत आहे, मानवी आहे आणि आईपासून वेगळी जनुकीय ओळख असलेला आहे, हे मान्य करूनही अनेक विचारी माणसे असे म्हणतात की, स्त्रीच्या शरीरात, तिच्या इच्छेविरुद्ध, नऊ महिने त्याला वाढू देण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. किंवा ते असे म्हणतात की, व्यक्ती म्हणून मिळणारे पूर्ण संरक्षण जाणीव आल्यानंतरच सुरू होते. त्यांचे हे म्हणणे चित्रे दाखवून खोडता येत नाही. त्याला विचारानेच उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर देण्याची जबाबदारी तुमची आहे, पडद्याची नाही. माहितीपट संपल्यावर दिवे लावा आणि स्पष्ट सांगा की, ‘आतापर्यंत पाहिलेले विज्ञान होते, यापुढे आम्ही जे बोलणार आहोत ती आमची नैतिक भूमिका आहे आणि तुम्ही तिच्याशी वाद घालू शकता.’ अशा ठिकाणी श्रोते खरोखर वाद घालतात, आणि तो वाद नेटाने, न चिडता करण्याची तयारी नसेल तर कार्यक्रम ठेवू नये.

येथे आपल्याच बाजूच्या एका चुकीच्या मांडणीपासून सावध करते. पडद्यावर बोटे दिसली, बाळ अंगठा चोखताना दिसले की कार्यकर्ता म्हणतो, ‘पाहा, अगदी आपल्यासारखाच आहे, मग त्याला कसे मारायचे?’ या वाक्याने टाळ्या मिळतात. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण दिसण्यावर आधारलेली नाही. मानवाचा आदर गर्भधारणेच्या क्षणापासून व्यक्ती म्हणून केला पाहिजे, असे १९८७ सालच्या रोममधील सूचनापत्रात म्हटले आहे, आणि त्या क्षणी तर बोटे नाहीत, हृदय नाही, डोळ्यांनी दिसेल असे काहीच नाही. दिसण्यावरून किंमत ठरवायची असेल तर पहिल्या पाच आठवड्यांचा जीव बिनकिमतीचा ठरेल आणि ज्याचे अवयव नीट घडले नाहीत असे बाळही. तुमच्या प्रेक्षकांत असे एखादे दांपत्य असेल ज्यांना १८व्या-२०व्या आठवड्याच्या तपासणीत बाळाच्या मणक्यात किंवा हृदयात मोठा दोष असल्याचे कळले होते. माहितीपटात सगळी बाळे निरोगी असतात. त्या दांपत्याला तो पाहताना काय वाटेल याचा विचार करून बोला.

महाविद्यालयात ओळख लपवण्याविषयी. लपवू नका. प्राचार्यांना लेखी पत्र द्या, त्यात तुमच्या संघाचे नाव, माहितीपटाचा कालावधी, नंतरच्या चर्चेचा विषय आणि उपस्थिती ऐच्छिक असेल हे स्पष्ट लिहा. शक्य असल्यास माहितीपटानंतरचे वैज्ञानिक प्रश्न त्याच महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे सोपवा. परवानगी नाकारली गेली तर धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, सभागृहात कार्यक्रम करा आणि सर्वांना खुले निमंत्रण द्या. अमेरिकेत २०२३ साली नॉर्थ डकोटाने आणि २०२४ साली टेनेसीने अशा चित्रफिती शाळांत दाखवणे कायद्यानेच आवश्यक केले, आणि लगेच तेथे पालक, शिक्षक, डॉक्टर यांच्यात चित्रफितीतील वयाच्या मोजणीवरून आणि तिच्यामागच्या संस्थेवरून जोरदार वाद उभे राहिले. सक्तीने मिळालेल्या प्रेक्षकाला एकच प्रश्न पडतो, हे मला कोण आणि का दाखवत आहे. तो प्रश्न त्याने विचारण्याआधीच तुम्ही उत्तर दिलेले असले पाहिजे.

विवाहपूर्व शिबिर ही मात्र या माहितीपटासाठी सर्वांत योग्य जागा आहे, असे मी मनापासून म्हणेन, आणि त्याचे एक कारण अगदी व्यवहाराचे आहे. मज्जारज्जूची नळी २८व्या दिवसाच्या सुमारास बंद होते असे मी वर लिहिले. तोपर्यंत पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि बऱ्याच स्त्रियांना आपण गरोदर आहोत याची कल्पनाही नसते. ती नळी नीट बंद व्हावी यासाठी लागणारे फॉलिक अॅसिड गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे लागते. डॉक्टरकडे नाव नोंदवल्यावर सुरू केलेली गोळी या कामासाठी बहुधा उशिराची ठरते. पडद्यावर ती नळी बंद होताना पाहिलेल्या वधूला ही गोष्ट एकदा सांगितली की पुन्हा सांगावी लागत नाही. तंबाखू, मिसरी, दारू, घरातील धूर, मधुमेहाची तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन, हे विषयही तेथेच घ्या आणि वराला उठून जाऊ देऊ नका. गर्भातल्या जीवाचे रक्षण करायचे म्हणजे एवढे सगळे करायचे.

आणि कार्यक्रमानंतर कोणी मुलगी बाजूला येऊन आपण गरोदर असल्याचे हळूच सांगेल, तेव्हा काय करायचे हे तुम्हाला आधी ठाऊक हवे. ती १८ वर्षांखालील असेल तर बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमानुसार पोलिसांना कळवणे हे माहिती मिळालेल्या प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. म्हणून ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन तिला देऊ नका. ती प्रौढ असेल तर निर्णय तिचा आहे आणि वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार तिच्या एकटीच्या संमतीने होतो, पतीची संमती लागत नाही. १९७१ च्या या कायद्यात २०२१ साली बदल झाले. आता २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, २० ते २४ आठवड्यांदरम्यान नियमांत दिलेल्या प्रवर्गांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि त्यापुढे गर्भात मोठा दोष असल्यास वैद्यकीय मंडळाचा निर्णय लागतो. हा कायदा आपल्याला पटत नसला तरी तो चुकीचा सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. घाबरवण्यासाठी ‘तुला तुरुंग होईल’ असे सांगणारे कार्यकर्ते मी ऐकले आहेत. तसे बोलणाऱ्याला या कामातून ताबडतोब दूर करा.

तिला बाळ जन्माला घालायचे असेल, परंतु वाढवणे शक्य नसेल, तर बाळ बालकल्याण समितीपुढे रीतसर सुपूर्द करता येते आणि निर्णय फिरवण्यासाठी आईला ६० दिवसांची मुदत मिळते. आपल्या ओळखीच्या निपुत्रिक जोडप्याला ते बाळ परस्पर देणे बेकायदा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. पैशांची अडचण असेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून अटींत बसणाऱ्या मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. अंगणवाडी सेविका अर्ज भरून देते. ही रक्कम फार थोडी आहे हे मला कळते. उरलेला भार, म्हणजे राहायला खोली, बाळंतपणाचा खर्च, टोचून बोलणाऱ्या शेजारणींपुढे तिच्या बाजूने उभे राहणारे एक तरी कुटुंब, हे धर्मग्रामाने उचलायचे आहे. त्याची सोय होण्याआधी माहितीपटाची तारीख ठरवू नका. आणि जिने गर्भपाताचा निर्णय घेतला आहे किंवा जी त्या उंबरठ्यावर आहे, तिच्यापुढे तिने मागितल्याशिवाय मोबाइलवर ही दृश्ये कधीही धरू नका.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माहितीपटात बाळाचे हृदय तिसऱ्या आठवड्यानंतर धडधडू लागते असे सांगितले आहे. माझ्या नणंदेला मात्र पाच आठवडे झाले असताना सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत आणि घरात रडारड झाली. पुढच्या तपासणीत ठोके दिसले. मग चूक कोणाची, माहितीपटाची की डॉक्टरांची?
— एक शिक्षिका, नालासोपारा

उत्तर : दोघांचीही नाही. ते दोन वेगवेगळ्या दिवसांपासून मोजत आहेत, आणि हे माहितीपट दाखवणाऱ्यांपैकी फार थोडे जण हा फरक सांगतात म्हणून तुमचे पत्र मला महत्त्वाचे वाटते.

डॉक्टर गर्भधारणेचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण तो दिवस स्त्रीला ठाऊक असतो. फलन त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. गर्भशास्त्राची पुस्तके आणि त्यांच्या आधाराने केलेले माहितीपट मात्र फलनापासून मोजतात. म्हणजे माहितीपटातील तीन आठवडे म्हणजे डॉक्टरांचे पाच आठवडे, माहितीपटातील आठ म्हणजे डॉक्टरांचे दहा. गर्भपात कायद्यातील २० आणि २४ आठवडेही डॉक्टरांच्या मोजणीचेच आहेत. हे न सांगता ‘आठव्या आठवड्यात हातापायांची बोटे सुटी होतात’ असे वाक्य ऐकवले, तर सोनोग्राफीचा कागद हातात असलेली स्त्री आपल्या बाळाची दोन आठवडे चुकीची तुलना करत बसते. अमेरिकेतील शाळांसाठीच्या चित्रफितीवर डॉक्टरांनी घेतलेला एक मुख्य आक्षेप हाच होता.

तुमच्या नणंदेचे पाच आठवडे म्हणजे फलनापासूनचे तीन. त्या वेळी हृदय म्हणजे नुकतीच स्पंदू लागलेली एक साधी नळी असते. चार कप्प्यांचे हृदय घडायला त्यापुढे काही आठवडे लागतात. इतके सूक्ष्म स्पंदन यंत्रावर बहुधा पाळीपासूनच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागते. पाळी उशिरा येणाऱ्या स्त्रियांत फलनही उशिरा झालेले असते, त्यामुळे तेव्हाही दिसले नाही तर लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. भ्रूणाची लांबी सात मिलिमीटर किंवा अधिक असूनही स्पंदन नसेल तर गर्भ जगला नाही असे खात्रीने म्हणता येते. तोवर सात ते दहा दिवसांनी तपासणी पुन्हा करायची. हा नियम घाईने होणाऱ्या चुका टाळण्यासाठीच केलेला आहे, आणि जीवनरक्षणाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने तो पाठ करावा असे मला वाटते, कारण ‘ठोके नाहीत, पिशवी साफ करून घ्या’ असे पाचव्या आठवड्यात ऐकून आलेल्या बाईला दुसऱ्या तपासणीपर्यंत थांबवणे हेही याच कार्यात मोडते.

तुम्ही विज्ञान शिकवता म्हणून आणखी एक सुचवते. फळ्यावर दोन समांतर रेषा काढा, वरची पाळीपासूनची, खालची फलनापासूनची, आणि माहितीपटातील प्रत्येक टप्पा दोन्ही रेषांवर मुलांकडूनच लिहून घ्या. आईला बाळाची हालचाल कधी जाणवते हा टप्पाही घ्या: बाळ पाळीपासूनच्या सातव्या-आठव्या आठवड्यात हलू लागते, परंतु आईला ते १६ ते २० आठवड्यांच्या दरम्यान कळते. नववीच्या वर्गात दाखवायचा असेल तर पालकांची लेखी संमती आधी घ्या आणि गर्भपाताची चर्चा त्या वर्गात करू नका. विकास एवढाच विषय त्या वयाला पुरेसा आहे.

प्रश्न : आमच्या चर्चच्या सभागृहात असा कार्यक्रम झाला. मी मैत्रिणीबरोबर सहज गेले होते. माझे पहिले मूल तान्हे असताना मला पुन्हा दिवस गेले होते आणि घरच्यांच्या सांगण्यावरून मी गर्भपात करून घेतला होता. हे माझ्या पतीशिवाय कोणालाच ठाऊक नाही. माहितीपट पाहिल्यापासून मला झोप नाही. डोळे मिटले की तेच हात दिसतात. मी देवासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?
— आपली एक भगिनी

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. सर्वांत आधी हे सांगते की, तुम्हाला अशा रीतीने, पूर्वकल्पना न देता, सर्वांच्या मध्ये बसवून ती दृश्ये दाखवली गेली हे योग्य झाले नाही. तुमच्यासारख्या भगिनी प्रत्येक सभागृहात असतात आणि ज्यांचा गर्भ आपोआप पडला अशाही असतात. ओळखल्या गेलेल्या गर्भधारणांपैकी दहा ते वीस टक्के पहिल्या काही महिन्यांत आपोआप संपतात. आयोजकांनी त्यांची जाणीव ठेवायला हवी होती.

तुम्ही त्या वेळी अशक्त होता, कडेवर तान्हे मूल होते आणि निर्णय एकटीचा नव्हता. जे घडले ते गंभीर आहे असे तुम्ही मानता आणि मीही मानते, म्हणून ‘काही झालेच नाही’ असे सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. परंतु देवाची दया तुमच्यासाठी नाही असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली जीवनाच्या मूल्याविषयी लिहिलेल्या परिपत्रकात गर्भपात केलेल्या स्त्रियांना उद्देशून एक स्वतंत्र परिच्छेद आहे. त्यात त्यांनी असे निर्णय किती वेदनादायक परिस्थितीत घेतले जातात याची दखल घेतली आहे आणि निराशेच्या स्वाधीन होऊ नका अशी विनवणी केली आहे. गर्भपाताच्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वच धर्मगुरूंना कायमचा दिला. तुम्हाला बिशपांकडे जावे लागणार नाही, कोणाची चिठ्ठी लागणार नाही. स्वतःच्या धर्मग्रामात संकोच वाटत असेल तर दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये, जेथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, तेथे प्रायश्चित्त संस्कार घ्या, म्हणजे धर्मगुरूंपुढे पाप कबूल करून क्षमा मागा. धर्मगुरू ते गुपित कोणापुढेही उघड करू शकत नाहीत.

पतीशी बोला. ते ओझे त्यांच्यावरही असेल आणि तुम्ही दोघांनी त्याविषयी आजवर शब्दही काढला नसेल, असे तुमच्या पत्रावरून वाटते. झोप न लागणे, तीच दृश्ये डोळ्यांसमोर येणे असेच चालू राहिले तर त्यावर उपचार आहेत. शासनाच्या टेलि-मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, नाव न सांगता बोलता येते. आणि कोणी उत्साहाच्या भरात ‘तुमची साक्ष व्यासपीठावर द्या, इतरांना उपयोग होईल’ असे सुचवले तर नाही म्हणा. तुमचे दुःख कोणाच्या कार्यक्रमाचा भाग होण्यासाठी नाही.

आयोजकांसाठी येथेच लिहिते: माहितीपट सुरू होण्यापूर्वी त्यात काय दिसणार आहे ते सांगा, दिवे पूर्ण मालवू नका, दार उघडे ठेवा आणि बाहेर एक समजूतदार प्रौढ स्त्री बसलेली असू द्या.

प्रश्न : परदेशात जीवनरक्षण केंद्रांत गरोदर स्त्रीला तिच्या बाळाची सोनोग्राफी दाखवतात आणि तिचे मन बदलते, असे वाचले. आपल्या मेळाव्यात माहितीपटासोबत एखाद्या डॉक्टरांकडून असे प्रात्यक्षिक ठेवता येईल का? गर्भाच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती वाटल्या तर चालतील का?
— एक कार्यकर्ती, पालघर जिल्हा

उत्तर : प्रात्यक्षिक अजिबात ठेवता येणार नाही. आपल्याकडे सोनोग्राफी यंत्र नोंदणी झालेल्या केंद्रातच, नोंदणीकृत डॉक्टरांकडून, ठरलेल्या वैद्यकीय कारणासाठी आणि प्रत्येक तपासणीचा अर्ज भरूनच वापरता येते. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा आला, आणि तरीही महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेतील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. इतके नियम का आहेत हे या आकड्यांवरून कळेल. माहितीपटानंतर ‘मुलगा की मुलगी हे कधी कळते’ असा प्रश्न हमखास येतो. लिंग फलनाच्या वेळीच ठरते आणि ते पित्याच्या शुक्रपेशीवर अवलंबून असते, एवढे जरूर सांगा, कारण मुली झाल्या म्हणून सुनेला दोष देणारी घरे अजून आहेत. ते जन्मापूर्वी ओळखण्याच्या खुणांविषयी मात्र एक शब्दही बोलू नका. मुलींच्या गर्भांसाठी १९८० च्या दशकात मुंबईत लढलेल्या बहुतेक स्त्रिया गर्भपाताच्या कायदेशीर हक्काच्या बाजूच्या होत्या, हेही लक्षात असू द्या. त्यांच्या कामाचे श्रेय आपल्या चळवळीच्या नावावर मांडू नका, आणि या एका प्रश्नावर त्यांच्याबरोबर काम करण्याची संधी मिळाली तर दवडू नका.

प्रतिकृती दाखवायला हरकत नाही. वाटू मात्र नयेत, कारण त्या शेवटी मुलांच्या खेळण्यांत किंवा कचऱ्यात जातात, आणि ज्या जीवाचा मान राखायला आपण सांगतो त्याच्या प्रतिमेचे असे होऊ नये. विकत घेण्यापूर्वी फूटपट्टीने मोजा. खोक्यावर ‘१२ आठवडे’ असे लिहिलेले असते, पण कोणत्या मोजणीचे हे लिहिलेले नसते. पाळीपासूनच्या १२ आठवड्यांच्या गर्भाची डोक्यापासून कुल्ल्यांपर्यंतची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि फलनापासूनच्या १२ आठवड्यांच्या गर्भाची साडेआठच्या आसपास. प्रतिकृती मोठी असेल तर तिच्याखाली खरे वय दोन्ही मोजण्यांनी लिहून चिठ्ठी लावा, किंवा ती परत करा.